किनाऱ्यावरच्या गाडीत आतले दिवे एलईडी कसे करावेत

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांमध्ये आतला दिवा बंद पडला, की आपण बल्ब उडाला असं समजतो. बऱ्याचदा बल्ब धडधाकट असतो. होल्डरच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेने हिरवट पूड धरलेली असते आणि करंट बल्बपर्यंत पोचत नाही. म्हणून एलईडी बसवायचे ठरवलंत तर निम्मा वेळ होल्डरच्या सफाईला लागेल, हे धरूनच बसा. काम मिरगाच्या आधी, कोरड्या दिवशी उरका.

बदलायचे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. छतातल्या तारेच्या बल्बला 5 किंवा 10 वॅट लागतात. त्याच जागी साधा एलईडी एखाद्या वॅटमध्ये भागवतो. गणपतीत घरात माणसांची वर्दळ असते, कोणीतरी सामान काढतं आणि डिकी अर्धवट लागते. 10 वॅटचा बल्ब रात्रभर, दहा तास जळला तर 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीतले सुमारे 8 अँपिअर-तास जातात. बॅटरी जुनी असली तर सकाळी धक्का मारायला पोरं गोळा करावी लागतात. एलईडीने त्याच रात्रीत एक अँपिअर-ताससुद्धा जात नाही.

खरेदी

जुना बल्ब काढून खिशात घालून दुकानात जा. मॉडेलचं नाव सांगून अंदाजाने घेतलेला बल्ब हमखास परत करावा लागतो.

गाडीच्या आत मुख्यतः दोन प्रकार सापडतात. छताच्या मधल्या दिव्यात बहुधा लांबट बल्ब असतो, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला. त्याला फेस्टून म्हणतात. तो 31, 36, 39 किंवा 41 मि.मी. अशा लांबीत मिळतो आणि माप टोपीच्या टोकापासून टोकापर्यंत धरतात. दुसरा टी-10, चपट्या काचेच्या बुडाचा, जो नुसता दाबून बसतो. पुढचे वाचायचे दिवे आणि डिकी इथे तो पुष्कळ गाड्यांत असतो. फेस्टूनच्या पट्ट्या थोड्या आतबाहेर वाकवता येतात, पण 36 च्या जागी 41 कोंबू नका. पट्टी मोडली की अख्खा दिवा बदलायची पाळी येते.

दुकानदार चपटं एलईडी पॅनेल पुढे करेल. ते दुहेरी चिकटपट्टीने कव्हरच्या आत चिकटवायचं असतं. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं छत इतकं तापतं की ती पट्टी सुटते आणि पॅनेल वायरीवर लोंबकळतं. माझं मत विचाराल तर ॲल्युमिनियमची पाठ असलेला, जुन्या बल्बच्याच आकाराचा फेस्टून घ्या. उजेड थोडा कमी पडेल, पण जागचा हलणार नाही.

रंग केल्विनमध्ये लिहिलेला असतो. 3000 म्हणजे पिवळसर, 6000 म्हणजे निळसर पांढरा. दुकानात 6000 झकास दिसतो आणि तिथेच फसायला होतं. रात्री आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना मागच्या सीटवर कोणी खाऊची पिशवी शोधायला दिवा लावला, की तोच पांढरा झोत पुढच्या काचेवर उमटतो. बाहेर धुकं असेल तर रस्त्याची कड दिसेनाशी होते. छतासाठी 4000 च्या आसपासचा घ्या, आणि सर्वांत प्रखर तो टाळा. डिकीला मात्र 6000 खुशाल लावा. तिथे आंब्याच्या पेट्या मोजायच्या असतात, गाडी चालवायची नसते.

काढणं

चावी काढा, बॉनेट उघडा आणि बॅटरीचं काळं, म्हणजे निगेटिव्ह टर्मिनल सोडवा. बहुतेक गाड्यांना 10 नंबरचा पाना लागतो. दिवा बंद आहे म्हणून ही पायरी गाळू नका. पुष्कळ गाड्यांत दाराचा स्विच अर्थिंगच्या बाजूला असतो. दिवा विझलेला असला तरी होल्डरमध्ये 12 व्होल्ट हजर असतात. स्क्रूड्रायव्हर पत्र्याला टेकला की फ्यूज गेला. त्याच फ्यूजवर रेडिओ किंवा सेंट्रल लॉकही असू शकतं. टर्मिनल काढल्यावर घड्याळ शून्यावर येतं आणि काही गाड्यांचा रेडिओ कोड मागतो. तो कोड आधी शोधून ठेवा.

कव्हरच्या कडेला छोटी खाच असते. तिथे जुनं एटीएम कार्ड सरकवून हळूच उचला. ऊन खाऊन प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यामुळे लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको. दिवा नुकताच चालू असेल तर बल्ब निवू द्या. छताच्या कडेचं आणि खांबांचं अस्तर मात्र उचकू नका; पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग तिथेच दडवलेल्या असतात.

सफाई

आता होल्डर नीट बघा. पट्ट्या चकचकीत असतील तर तुमचं घर समुद्रापासून लांब आहे. हिरवं किंवा पांढरं काही दिसलं तर कोरड्या टूथब्रशने पूड झाडा. मग कापसाच्या काडीवर काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टी पुसा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत. तरीही डाग राहिलाच तर बारीक पॉलिश पेपर दोन-तीनदा अलगद फिरवा. जास्त घासलंत तर वरचा कल्हईसारखा मुलामा निघतो आणि उघड्या धातूला खारी हवा आणखी लवकर धरते.

पूर्ण वाळल्यावर पट्ट्यांना सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस नखाएवढंच लावा. बॅटरीच्या टर्मिनलला आपण व्हॅसलीन फासतो ते तिथे ठीक, छतात नको. उन्हात पातळ होऊन ते कव्हरवर ओघळतं. पट्ट्या सैल वाटल्या तर बोटाने किंचित आत दाबा. एलईडी लुकलुकतो तेव्हा सैल पट्टी हेच कारण पुष्कळदा निघतं.

बसवणं

नवा बल्ब बसवा, पण कव्हर लगेच लावू नका. त्याची धातूची पाठ दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकत नाही ना, तेवढं बघा. टर्मिनल जोडा आणि दार उघडा. पेटला नाही तर टर्मिनल पुन्हा काढा, बल्ब उलटा फिरवून बसवा. एलईडीला प्लस-मायनसची बाजू असते. उलटा लागला तर सहसा काही जळत नाही, नुसता पेटत नाही. खटक्याच्या सगळ्या जागा तपासल्या की कव्हर दाबा.

दिवा बंद करूनही मंद मिणमिणत असेल तर बल्ब खराब नाही. वायरिंगमधून येणारा नगण्य करंट तारेच्या बल्बला पेटवू शकत नाही, एलईडीला पुरतो. त्याच सर्किटवर दोन-तीन दिवे असतील तर त्यातला एक जुना, तारेचा ठेवा. बहुधा काम भागतं. असा करंट जिरवायला आत रेझिस्टर घातलेले, ‘कॅनबस’ लिहिलेले बल्बही मिळतात, पण तो रेझिस्टर तापतो, म्हणून लहान बंद कव्हरमध्ये मी ते बसवणार नाही.

फ्यूज उडालाच तर त्याच आकड्याचा लावा. 10 च्या जागी 20 चा लावला तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी वायर जळेल.

हेडलाइटला ही कृती लावू नका. त्या रिफ्लेक्टरची रचना मूळ बल्बच्या तारेच्या जागेवर बेतलेली असते. एलईडी घुसडला की झोत फाटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

पावसात सगळ्यात आधी डिकीचा दिवा सोसतो, कारण मागच्या दाराचं रबर जुनं झालं की पाणी तिथूनच झिरपतं. दसऱ्याच्या सुमारास तो एकदा उघडून बघा. पट्ट्यांवर हिरवं परत दिसलं तर बल्बला हात लावण्याआधी रबर बदलून घ्या.