जुन्या ठिबक नळ्या कारखान्याकडे परत पाठवताना
रावेर-यावल पट्ट्यात केळीची बाग मोडल्यावर ठिबकच्या जुन्या नळ्या बांधावर पेटवू नयेत, कारण त्या वितळवून प्लास्टिकचा दाणा करता येतो आणि त्यातून शेतीसाठीच्या नळ्या पुन्हा बनवता येतात. गुंडाळण्यापूर्वी माती झटकावी, तारा व जोडण्या काढाव्यात. माझ्या मते खरी काळजी पीव्हीसी (कडक पाइपांचे प्लास्टिक) वेगळे ठेवण्याची आहे: शंका आल्यास छोटा तुकडा बादलीतल्या पाण्यात दाबून, अडकलेली हवा काढून सोडावा, पॉलिथिलीन, म्हणजे ठिबकच्या नळीचे प्लास्टिक, तरंगते, पीव्हीसी तळाशी जाते, आणि पीव्हीसी मिसळले तर वितळवताना आम्लवायू सुटून यंत्र गंजते. मग भेंडोळी वजन करून, नवा माल उतरवून रिकाम्या परतणाऱ्या विक्रेत्याच्या गाडीनेच पाठवावीत, म्हणजे भाडे परवडते.