फॅटी लिव्हर आणि फायब्रोसिसची तपासणी: या चुका टाळा

फॅटी लिव्हरचे रुग्ण बहुधा सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे करून विचारतात, "डॉक्टर, ग्रेड दोन म्हणजे किती खराब?" ही ग्रेड यकृतात चरबी किती दिसते एवढेच सांगते. यकृत किती निबर झाले आहे, म्हणजे फायब्रोसिस कितपत आहे, हे तिच्यावरून कळत नाही, आणि रुग्णाचे पुढे काय होणार हे मुख्यतः फायब्रोसिसवर अवलंबून असते. सिरॉसिसकडे, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्याकडे, झुकलेल्या यकृतातील चरबी कधीकधी आपोआप कमी दिसू लागते, त्यामुळे "ग्रेड सुधारली" या आनंदालाही फारसा आधार नसतो.

फायब्रोसिसचा पहिला अंदाज घेण्यासाठी वय, प्लेटलेट आणि एसजीओटी व एसजीपीटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची दोन एन्झाइम्स) यांवरून काढायचे फिब-४ हे साधे गणित पुरते. वयाला एसजीओटीने गुणायचे आणि आलेल्या आकड्याला प्लेटलेट व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी असते, २.६७ च्या वर गेले तर ती बरीच असते आणि मधल्या पट्ट्यात आले तर पुढची तपासणी करावी लागते. गणित इतके सोपे असल्यामुळेच ते कोणीही, केव्हाही आणि कोणत्याही रिपोर्टवरून करतो, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ कुटुंबासह आले. आपल्याला सिरॉसिस झाला आहे, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. मुलाने मोबाइलवर काढलेला फिब-४ पूर्ण ८ होता आणि घरात यकृत प्रत्यारोपणाच्या खर्चाची चर्चा सुरू झाली होती. ज्या रिपोर्टवरून हा आकडा काढला होता त्यात एसजीओटी ९६, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट ७२ हजार होत्या, आणि त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर डेंग्यू पॉझिटिव्ह लिहिले होते. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि एसजीओटी चढतो, म्हणजे भागाकाराचा वरचा आकडा फुगतो आणि खालचा आकसतो. ताप पूर्ण ओसरल्यावर काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासले, तेव्हा एसजीओटी ३६, एसजीपीटी ४९ आणि प्लेटलेट २ लाख १० हजार आल्या आणि फिब-४ सुमारे १.१८ निघाला. आजारपणातल्या रक्तावरून फिब-४ काढायचाच नाही, असा माझा शिरस्ता आहे. एवढा धीर ज्यांना नसतो ते रुग्णाची झोप विनाकारण उडवतात.

दुसरी चूक प्लेटलेटच्या एककाची आहे आणि ती अधिक घातक आहे. आपल्याकडील लॅब प्लेटलेट लाखांत किंवा पूर्ण संख्येत छापतात, तर बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरना दीड लाखासाठी १५० हा आकडा हवा असतो. बावन्न वर्षांच्या व्यक्तीचा एसजीओटी ४५, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट दीड लाख असतील तर फिब-४ २.६ येतो, म्हणजे वरच्या मर्यादेच्या अगदी जवळ. तिथे कोणी १५०००० भरले की उत्तर ०.००२६ येते आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. उलट १.५ भरल्यास उत्तर २६० येते. तो आकडा इतका विचित्र असतो की चूक निदान लक्षात तरी येते. मी स्वतः हे गणित एकदा कागदावर करतो, त्याला मिनिटभरही लागत नाही.

एसजीओटी आणि एसजीपीटी यांची अदलाबदल करू नये. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २.० धरावी आणि पस्तिशीच्या आत या आकड्यावर फार विसंबू नये. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून, विशेषतः मधुमेही रुग्णात, फायब्रोसिस नाही असे समजू नये.

मधल्या किंवा वरच्या पट्ट्यातील रुग्णाला पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजणारी तपासणी, सांगितला जातो. शिबिरांमध्ये चहा-पोहे झाल्यावर रांगेने केलेल्या फायब्रोस्कॅनविषयी माझे मत फारसे चांगले नाही. खाल्ल्यानंतर यकृताकडचा रक्तप्रवाह वाढतो आणि त्यामुळे यकृत आहे त्यापेक्षा कडक मोजले जाते, म्हणून आधी किमान तीन तास पोटात काही नसावे. कावीळ, तीव्र हिपॅटायटिस, नुकतेच झालेले अति मद्यपान किंवा हृदय कमकुवत असल्याने यकृतात साठलेले रक्त यांमुळेही आकडा चढतो. रिपोर्ट हातात आल्यावर किलोपास्कलच्या ठळक आकड्याआधी मी खालची बारीक ओळ वाचतो: दहा वैध मोजमापे झाली आहेत का, आयक्यूआर (मोजमापांमधली तफावत) मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या आत आहे का, आणि स्थूल रुग्णासाठी एक्सएल प्रोब वापरला होता का. ही ओळच नसेल तर तपासणी पुन्हा करून घ्यावी. त्याच कागदावरचा कॅप हा आकडा चरबीचा असतो, कडकपणाचा नव्हे. कडकपणा ८ किलोपास्कलच्या आत असल्यास गंभीर फायब्रोसिस सहसा नसतो, तर १२ च्या वर असल्यास यकृततज्ज्ञांकडे जाण्यात दिरंगाई करू नये.

महिनाभर चालायला जाऊन लगेच पुन्हा फायब्रोस्कॅन मागणारे उत्साही रुग्णही बरेच असतात. ९.१ चे ८.६ झाले तर तो फरक मोजमापातलाच असू शकतो. फायब्रोसिस मागे हटण्यासाठी वजन साधारण दहा टक्के उतरून ते टिकावे लागते, आणि पहिला फिब-४ कमी आलेल्या मधुमेही रुग्णाने तो एक ते दोन वर्षांनी पुन्हा काढला तरी पुरते.