बंदूक शिनोळीपलीकडे न्यायची असेल तर

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात रानडुकरांपासून भात राखायला काही घरांत बारा बोअरची बंदूक असते, आणि निम्मे सोयरे शिनोळीच्या हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला. मी गावातल्यांचे लायसनचे अर्ज लिहून देतो. सुगी जवळ आली की एकच प्रश्न येतो: बंदूक पाव्हण्यांकडे कशी पाठवायची?

आधी लायसन उघडा. ते कुठवर चालतं हे त्यावर लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत. कर्नाटकापुरतं असेल तर ती बंदूक महाराष्ट्रात नेऊ नका. हद्द वाढवून घ्यायची तर आधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात अर्ज, मग प्रवास.

खरी गडबड होते ती नेणाऱ्या माणसावरून. "भाचा निघालाच आहे गाडीनं, दे त्याच्याकडे." असं अजिबात करू नका. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ३ सांगतं, की लायसनदार सोबत नसेल तर त्याची लेखी परवानगी हवी, आणि तीही दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा लायसनदाराच्याच वापरासाठी. पाव्हण्याला चार दिवस वापरायला देणं यात कुठंच बसत नाही. विनालायसन बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं आहे. पोराच्या नोकरीचे कागद चालू असतात, पासपोर्ट काढायचा असतो. दुसऱ्याच्या बंदुकीपायी त्याच्यावर केस होऊ देऊ नका. एसटीच्या कंडक्टरकडे पार्सल, कुरिअर, पोस्ट हे तर मनातही आणू नका. काडतुसांनाही हेच लागू.

स्वतः नेताना बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी, आणि लायसन अस्सल. झेरॉक्सवर भागवू नका. निघण्याआधी दोन्हीकडची निवडणुकीची आचारसंहिता बघा. इकडं विधानसभा २०२३ला झाली, तिकडं २०२४ला. आपल्याकडं शांत असलं तरी पलीकडं बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघालेला असू शकतो.

कायमची द्यायची असेल, विकून किंवा तशीच, तर घेणाऱ्याकडं त्याच्या जिल्ह्याचं लायसन आधी हवं. २०१९पासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेही विचारून घ्या. मग तुम्ही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. त्याआधी बंदूक हातातून सोडायची नाही. हे दिवस लोकांना फार जड जातात, पण पर्याय नाही.

वडील वारले आणि बंदूक घरात राहिली, तर पलीकडं राहणाऱ्या थोरल्याकडं ती परस्पर नेऊ नका. ठाण्यात किंवा लायसन असलेल्या दुकानदाराकडं जमा करा. थोरल्यानं आपल्या पत्त्यावरून, कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. जमा केल्याच्या पावतीवर बंदुकीचा नंबर नीट उतरलाय का, हे तिथंच उभं राहून ताडून घ्या.