रात्रीचा सीन काळोखात शूट करू नका

थ्रिलरमधला रात्रीचा सीन खरोखरच्या अंधारात घेतला की चित्र राखाडी आणि दाणेदार येतं.

१. छताचा दिवा बंद. एकच टेबल लॅम्प कलाकाराच्या बाजूला, किंचित मागे ठेवा. अर्धा गाल उजळतो, दुसरा डोळा काळोखात जातो; भीतीला तेवढं पुरतं.

२. मागच्या भिंतीवर उजेड सांडत असेल तर मध्ये काळा पुठ्ठा उभा करा. तो तापलेल्या बल्बला टेकता कामा नये.

३. मोबाइल असला तरी मॅन्युअल मोडच: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता; वाढवली की दाणे वाढतात) शक्यतो ८०० च्या आत. व्हाइट बॅलन्स (चित्राचा रंग पिवळट की निळसर ते ठरवणारी सेटिंग) लॉक करा, नाहीतर पात्र हललं की रंग पालटतो.

सीन थोडा उजळच घ्या, एडिटमध्ये गडद करता येतो.