लॅब व्हीएमध्ये, ग्रँट युनिव्हर्सिटीची: ओव्हरहेड कसं लावायचं

अमेरिकेत पोस्टडॉक संपवून पहिल्यांदा पीआय, म्हणजे ग्रँटचे प्रमुख संशोधक, झालेल्या लोकांना हा प्रश्न हमखास पडतो, आणि पडतो तोही डेडलाइनच्या दोन दिवस आधी. एनआयएचची (सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची) ग्रँट युनिव्हर्सिटीच्या नावावर, पण लॅब शेजारच्या व्हीए हॉस्पिटलमध्ये (माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हॉस्पिटलात), मग ओव्हरहेड किती लावायचं आणि त्यातलं व्हीएला काय मिळणार? मी ग्रँट ऑफिसात बसते आणि अशी बजेटं रोज बघते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ओव्हरहेड, म्हणजे संस्था चालवायच्या खर्चासाठी ग्रँटच्या थेट खर्चावर टक्केवारीने मिळणारे पैसे, कागदोपत्री एफ अँड ए, याचे दोन भाग असतात. एक फॅसिलिटीज, त्यात बिल्डिंग, वीज, एसी, साफसफाई वगैरे येतं, आणि दुसरा अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे अकाउंट्स, डीनचं ऑफिस आणि आमच्यासारखी मंडळी. या दुसऱ्या भागावर युनिव्हर्सिटींसाठी १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे, पहिल्यावर तशी नाही, म्हणून ऑन-कॅम्पस रेट पन्नास-साठपर्यंत जातो. आता लॅब व्हीएच्या इमारतीत असेल तर लाइटबिल व्हीए भरतं, छत गळलं तर माणूस व्हीए पाठवतं, मग युनिव्हर्सिटीने फॅसिलिटीजचे पैसे कशाचे मागायचे? म्हणून तिथे ऑफ-कॅम्पस रेट लागतो, तो बहुतेक ठिकाणी २६ च्या आसपास असतो.

पहिलं काम म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीचं, सरकारशी ठरलेल्या दरांचं रेट अ‍ॅग्रीमेंट उघडा आणि नुसते आकडे बघून बंद करू नका, खाली ऑफ-कॅम्पसची व्याख्या असते ती शब्द न शब्द वाचा. बऱ्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं असतं की एका ग्रँटला एकच रेट, आणि निम्म्याहून जास्त काम बाहेर होत असेल तर अख्ख्या ग्रँटला ऑफ-कॅम्पस. काही ठिकाणी "जागेचं भाडं थेट प्रोजेक्टवर पडत असेल तरच ऑफ-कॅम्पस" अशीही ओळ असते, आणि मग भाडं न घेणारं व्हीए त्यात बसतं का यावर वाद होतो, तो वाद तुम्ही एकट्याने सोडवू नका, ऑफिसकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीत एनआयएचने सरसकट १५ टक्के जाहीर केलं होतं पण कोर्टाने ते अडवलं, त्या बातम्या वाचून कोणी बजेटमध्ये आपल्या मनाने १५ टाकलेले मी पाहिलेत, तसं करू नका, अ‍ॅग्रीमेंटमधलाच रेट धरा.

निम्म्याहून जास्त म्हणजे किती, इथेच खरा घोळ होतो. आमच्याकडे एका पीआयने ऑन-कॅम्पस रेट लावून बजेट पाठवलं, कारण काय तर "उंदीर तुमच्याकडे आहेत ना". मी त्याला समोर बसवलं आणि कोऱ्या कागदावर प्रत्येक माणसाचं नाव लिहून आठवड्यातले किती तास कुठे जातात ते मांडायला लावलं. टेक्निशियन सोमवार ते गुरुवार व्हीएच्या चौथ्या मजल्यावर, फक्त शुक्रवारी आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, पोस्टडॉकचं मायक्रोस्कोप व्हीएत, फ्रीझर व्हीएत. बेरीज केली तर सत्तर टक्क्यांवर गेली, तो स्वतःच गप्प झाला. तो कागद मी फाइलला लावून ठेवला, कारण उद्या ऑडिटवाले विचारतात तेव्हा "आम्हाला असं वाटलं" हे उत्तर चालत नाही.

मग गणित. टक्केवारी सगळ्या डायरेक्ट कॉस्टवर, म्हणजे प्रोजेक्टच्या थेट खर्चावर, लावायची नसते, एमटीडीसी नावाच्या बेसवर लावायची असते, म्हणजे मोठं इक्विपमेंट, पेशंट केअर, ट्यूशन, भाडं हे सगळं आधी वजा. समजा डायरेक्ट २,५०,००० डॉलर, त्यात २०,००० चं मशीन आणि १५,००० पेशंट केअर, तर बेस २,१५,०००. ऑफ-कॅम्पस २६ टक्क्यांनी ओव्हरहेड ५५,९००, आणि तेच ऑन-कॅम्पस ५५ टक्के लावलं असतं तर १,१८,२५०. फरक ६२,३५० डॉलर, वर्षाला. चुकीचा रेट लावला तर एवढे पैसे परत करायची पाळी येऊ शकते, आणि ते डिपार्टमेंटच्या खिशातून जातात, त्यानंतर डिपार्टमेंट चेअर तुमच्याशी कसं बोलेल ते सांगायला नको.

आता व्हीएचं काय? व्हीए स्वतः फेडरल खातं, त्यामुळे एनआयएच त्यांना थेट एफ अँड ए देत नाही, सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात कशाला. पण १९८८ च्या कायद्याने व्हीए हॉस्पिटलांना आपली नॉनप्रॉफिट रिसर्च कॉर्पोरेशन काढता येते, तिला सगळे एनपीसी म्हणतात. व्हीएत होणारं काम आणि तिथली माणसं एनपीसीकडे सबअवॉर्डने, म्हणजे ग्रँटचा एक भाग करार करून पुढे देऊन, दिली तर ती आपला वेगळा रेट लावते, आणि युनिव्हर्सिटीला त्या सबअवॉर्डच्या सुरुवातीच्या रकमेवरच ओव्हरहेड घेता येतं, जुन्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये पहिले २५,०००, ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या नियमांत ५०,०००. एनपीसीचा रेट ठरलेलाच नसेल तर नव्या नियमांत १५ टक्क्यांपर्यंत लावता येतं. सबअवॉर्डमधलं हे ओव्हरहेड एनआयएचच्या डायरेक्ट कॉस्ट लिमिटमध्ये धरत नाहीत, हे खूप जणांना माहीत नसतं आणि ते उगाच सायन्स कापत बसतात. दुसरा मार्ग म्हणजे युनिव्हर्सिटी आणि एनपीसी आपसात करार करतात की मिळालेल्या ओव्हरहेडमधला अमुक वाटा इकडे द्यायचा. मला विचाराल तर छोट्या ग्रँटला हाच बरा, सबअवॉर्डची कागदपत्रं म्हणजे नुसता डोक्याला ताप.

उलट्या दिशेने, व्हीएच्या स्वतःच्या मेरिट अवॉर्ड या रिसर्च ग्रँटवर युनिव्हर्सिटीचा माणूस घ्यायचा असेल तर तो बहुतेक आयपीएवर, म्हणजे युनिव्हर्सिटीच्याच नोकरीत राहून तात्पुरता उसना, येतो. तिथे व्हीए पगार आणि फ्रिंज (विमा, पेन्शनसारखे लाभ) देतं, ओव्हरहेड नाही, मागूच नका.

पगाराचं वेगळं. व्हीए नोकरी आठव्या हिश्शात मोजतात, आठ अष्टमांश म्हणजे फुल टाइम, पाच अष्टमांश म्हणजे आठवड्याला २५ तास. व्हीएच्या तासांचा पगार एनआयएच ग्रँटवर टाकता येत नाही, फक्त युनिव्हर्सिटीच्या हिश्शाचा. त्यासाठी दोन्हीकडच्या सह्यांचा एमओयू (लेखी समझोता) लागतो, त्यात दोन्हीकडचं पद, जबाबदाऱ्या, पगार, आणि रिसर्चसाठी किती टक्के वेळ मोकळा आहे हे लिहायचं. तो काही बदललं की लगेच आणि नाहीतर वर्षातून एकदा तरी अपडेट करायचा असतो, आणि तो कोणी करत नाही. परवाच एका फाइलमध्ये तीन वर्षांपूर्वीच्या सह्या निघाल्या, त्यातला सही करणारा माणूस रिटायरसुद्धा झाला होता.

बजेट सबमिट करायच्या आधी व्हीएच्या एसीओएस फॉर रिसर्चच्या (तिथल्या रिसर्च प्रमुखाच्या) ऑफिसला एक फोन करा, आणि फॉर्मवर परफॉर्मन्स साइटच्या, म्हणजे काम जिथे होणार त्या, रकान्यात व्हीएचा पत्ता टाकला आहे ना ते बघा. रेट ऑफ-कॅम्पस आणि साइट मात्र फक्त युनिव्हर्सिटी, असा फॉर्म माझ्याकडे आला की मी तो परत पाठवते.