उमरा कसा करायचा: कामं चारच, पण लोक अडकतात कुठे

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालेल्या माणसाला सगळ्यात जास्त टेन्शन कशाचं असतं विचाराल तर दुआंचं. "मला अरबी येत नाही, दुआ पाठ नाहीत, तिथे गेल्यावर म्हणू काय?" मग तो पहिल्या फेरीची दुआ, दुसऱ्या फेरीची दुआ असं छापलेलं एक छोटं पुस्तक गळ्यात अडकवतो आणि सगळा तवाफ (काब्याभोवतीच्या सात फेऱ्या) त्या पुस्तकात डोकं घालून करतो. खरं सांगू का, प्रत्येक फेरीची ठरलेली वेगळी दुआ अशी काही नाहीच, आपल्या भाषेत मनातलं मागितलं तरी चालतं. खरी गडबड होते ती दुसरीकडेच, एहराम कुठे बांधला, फेरी कुठून सुरू केली, किती झाल्या, केस किती कापले, आणि यातली काही चुकली की नंतर दम म्हणजे भरपाई म्हणून बकऱ्याची कुर्बानी द्यायची वेळ येते. म्हणून आधी तेवढं नीट समजून घ्या.

उमऱ्यात कामं फक्त चार, एहराम, तवाफ, सई (सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सात खेपा) आणि केस काढणं. हजसारख्या ठरलेल्या तारखा नसतात, वर्षात कधीही करता येतो (हनफी या सुन्नी पंथाच्या मतानुसार हजच्या महिन्यातले, म्हणजे ९ ते १३ जिलहिज्ज, हे पाच दिवस सोडून), आणि गर्दी नसेल तर काही तासांत होतो पण. रमजानमधल्या उमऱ्याचा सवाब (पुण्य) हजएवढा असं हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) आलंय, त्यामुळे तेव्हा गर्दी अफाट असते. म्हातारे आईवडील बरोबर असतील तर सवाबाबरोबर त्यांच्या गुडघ्यांचापण विचार करा असं माझं मत.

सुरुवात एहरामपासून. एहराम म्हणजे नुसत्या त्या दोन पांढऱ्या चादरी नाहीत, नियत (मनातला इरादा) करून लब्बैक ही हाक म्हटली की माणूस एहरामच्या हालतीत जातो, चादरी हा फक्त पोशाख. ही नियत मीकात, म्हणजे मक्केला जाताना जिच्याआधी एहराम बांधायलाच हवा ती हद्द, ओलांडायच्या आधी व्हायलाच पाहिजे. मक्केच्या चहूबाजूंनी पाच मीकात आहेत, मदिनेकडून येणाऱ्यांसाठी जुलहुलैफा (आता त्याला अबयार अली किंवा बीर अली म्हणतात), बाकीच्या जुहफा, करनुल मनाजिल, यलमलम आणि जाते इर्क. विमानाने थेट जेद्दाला उतरणार असाल तर मीकात हवेतच जाते, त्यामुळे आंघोळ करून चादरी घरी किंवा एअरपोर्टवर घालून घ्यायच्या आणि नियत विमानात, मीकात यायच्या जरा आधी करायची. बऱ्याच विमानांत अनाउन्समेंट होते पण तिच्या भरवशावर झोपून जाऊ नका, आणि जेद्दाला उतरून बघू म्हणून कपडे सामानाच्या बॅगेत टाकलेत तर मीकात हातची गेली, मग परत मीकातपर्यंत जा नाहीतर दम द्या. आधी मदिनेला जाणार असाल तर सरळ साध्या कपड्यात जा, एहराम मदिनेहून निघताना बांधायचा.

चादरी नेसायच्या आधी नखं, नको ते केस सगळं साफ करा, गुस्ल (आंघोळ) करा. अत्तर लावायचं तर नियतीच्या आधी आणि अंगाला, कपड्याला नको. खालची चादर गुंडाळताना पाय जुळवून उभे राहू नका, थोडे फाकवून उभे राहा, नाहीतर चालताना पाऊलच टाकता येत नाही. मग वरची कड दोन तीनदा बाहेरच्या बाजूला दुमडून घट्ट करा आणि त्यावर पट्टा, पट्टा चालतो. आत अंडरवेअर नाही, डोकं उघडं, पायात अशी चप्पल की पावलाच्या वरचं हाड उघडं राहील. बायकांना असलं काही नाही, नेहमीचे ढिले शिवलेले कपडे चालतात, रंगपण कुठलाही, फक्त चेहऱ्याला चिकटणारा नकाब आणि हातमोजे नाहीत. मग नियतीआधी दोन रकात नमाज पढायची (रकात म्हणजे नमाजची एक आवृत्ती), पुरुषांनी ती पढताना डोकं झाकलेलं ठेवायला हरकत नाही कारण अजून नियत झालेली नाही, पढून झाली की टोपी काढा आणि मग नियत. नियत मनातली, तोंडाने म्हणायची तर "अल्लाहुम्मा इन्नी उरीदुल उमरता फयस्सिरहा ली व तकब्बलहा मिन्नी", म्हणजे या अल्लाह मी उमऱ्याचा इरादा करतो, तो माझ्यासाठी सोपा कर आणि कबूल कर. आणि लगेच तलबिया म्हणजे लब्बैकची ही हाक, पुरुषांनी मोठ्याने, बायकांनी हळू:

लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक, लब्बैक ला शरीक लक लब्बैक, इन्नल हम्द वन्नि'मत लक वल मुल्क, ला शरीक लक.

पाठ करायचंच असेल तर हे करा, आणि तवाफ सुरू होईपर्यंत उठता बसता म्हणत राहा.

आता बंधनं. केस, नखं कापायची नाहीत, नवराबायकोचा संबंध नाही, शिकार नाही, भांडण शिवीगाळ नाही, खुशबू नाही. यातली खुशबू सगळ्यात जास्त दगा देते कारण ती कुठूनही येते, विमानात जेवणाबरोबर दिलेला ओला टिश्यू, हॉटेलच्या बाथरूममधला साबण, शाम्पू, हँडवॉश. बिनवासाचा साबण आणि व्हॅसलीन घरूनच घेऊन जा. व्हॅसलीन कशाला ते चालून मांड्या घासल्या की कळेल. आणि बायकांची पाळी आली असेल तरी एहराम बांधायचाच, नियत, तलबिया, दुआ सगळं चालतं, फक्त नमाज आणि तवाफ थांबवायचा आणि पाक झाल्यावर उमरा पुरा करायचा. पाळी आहे म्हणून बिना एहरामची मीकात ओलांडली असं बऱ्याच जणींचं होतं, त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मक्केत पोचल्यावर सामान ठेवा, थोडं खा, जमलं तर झोप काढा आणि ताजे होऊन हरममध्ये (काब्याच्या मशिदीत) जा, दमलेल्या अवस्थेत धावत जायची काही गरज नाही. परमिट वगैरे सौदी सरकारच्या नुसुक ॲपमध्ये असतं, नियम बदलत राहतात त्यामुळे निघताना बघून घ्या. कुठल्या गेटमधून आत गेलात त्याचा नंबर लक्षात ठेवा, आणि घरच्यांशी भेटायची जागा आधीच ठरवा कारण आत फोन लागेलच असं नाही. चप्पल पिशवीत घालून जवळच ठेवा, बाहेर काढून ठेवलेली परत मिळेल ही आशा सोडा.

तवाफला वजू (नमाजआधी हातपाय, तोंड धुवायची शुद्धी) पाहिजे. शाफई (दुसरा एक सुन्नी पंथ) लोकांना इथे एक अडचण, त्यांच्या मतानुसार परक्या बाईला किंवा पुरुषाला कातडीचा स्पर्श झाला तरी वजू जातो आणि मताफच्या (तवाफच्या जागेच्या) गर्दीत ते टाळणं अशक्यच, म्हणून बरेच शाफई उलेमा (धर्मपंडित) तवाफपुरतं दुसऱ्या इमामाच्या मतावर चालायची सवलत देतात, ते निघायच्या आधी आपल्या मौलानांना विचारून घ्या. पुरुषांनी आता वरची चादर उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकायची, उजवा खांदा उघडा. याला इज्तिबा म्हणतात आणि तो फक्त तवाफपुरता, लोक घरापासून खांदा उघडा टाकून फिरतात आणि तशीच नमाजपण पढतात ते चूक.

फेरी हजरे असवदच्या, म्हणजे काब्यात बसवलेल्या काळ्या दगडाच्या, कोपऱ्यापासून सुरू होते. लांबून काळा दगड दिसणार नाही, तर त्या कोपऱ्याच्या समोर मशिदीच्या भिंतीवर हिरवी लाईट आहे, ती लाईट आणि कोपरा एका रेषेत आले की तीच सुरुवात. थोडं आधी उभे राहा, रेषेवर आलात की काब्याकडे तोंड करून तळहात उचला, "बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर" म्हणा आणि चालायला लागा, काबा डाव्या हाताला. दगडाचं चुंबन घ्यायला धक्काबुक्की करू नका, दुसऱ्याला त्रास देणं हराम आहे आणि चुंबन सुन्नत (केलं तर चांगलं, सक्ती नाही), शिवाय त्या दगडाला आणि काब्याच्या भिंतीला अत्तर लावलेलं असतं, एहराममध्ये हाताला लागलं की झाली पंचाईत. लांबूनच इशारा करा, पुरेसं आहे. पहिल्या तीन फेऱ्या पुरुषांनी खांदे हलवत जरा झपाट्याने चालायच्या (रमल), जागाच नसेल तर राहू दे.

काब्याच्या एका बाजूला अर्धगोल बुटकी भिंत आहे ना, तो हतीम. त्याच्या बाहेरून जायचं, आतून गेलात तर ती फेरी धरली जात नाही, कारण तो काब्याचाच भाग आहे, कुरैशांनी काबा नव्याने बांधला तेव्हा हलालचा पैसा कमी पडला म्हणून तेवढी जागा बाहेर राहिली. हजरे असवदच्या आधीचा कोपरा रुक्ने यमानी, तिथून पुढे "रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव व फिल आखिरति हसनतंव व किना अजाबन्नार", ही एक दुआ मात्र पैगंबर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्यापासून त्या जागेसाठी आलीये आणि ती बहुतेकांना येतेच. बाकी फेरीभर जे मागायचं ते मागा.

अशा सात फेऱ्या. मोजायला बोटात घालायचं काउंटर किंवा सात मण्यांची दोरी घ्या, चौथी की पाचवी असा गोंधळ झाला तर कमी आकडा धरा. मध्येच जमातीची (सामुदायिक) नमाज उभी राहिली तर थांबा, पढा, तिथून पुढे चालू करा. वजू तुटला तर करून या, चार फेऱ्यांच्या आत तुटला असेल तर हनफी उलेमा नव्याने सुरू करायला सांगतात. आणि वरच्या मजल्यावरून तवाफ करणार असाल तर फेरी कितीतरी मोठी होते, सात फेऱ्यांत कित्येक किलोमीटर, तयारीने जा.

सात झाल्या की खांदा झाका आणि मकामे इब्राहिमच्या (काब्याजवळचा, पैगंबर इब्राहिम ज्यावर उभे राहिले तो दगड) मागे दोन रकात पढा, पहिल्या रकातीत सूरह काफिरून, दुसऱ्या रकातीत सूरह इख्लास. मागे म्हणजे चिकटून नाही, तवाफवाल्यांच्या वाटेत नमाजला उभं राहणं म्हणजे तुम्हालाही धोका त्यांनाही, हरममध्ये कुठेही जागा मिळेल तिथे पढा. मग पोटभर जमजम (हरममधल्या विहिरीचं पाणी) प्या.

आता सई. सफाच्या टेकडीवर चढा, काब्याकडे तोंड करून दुआ मागा आणि मरवाकडे निघा. सफा ते मरवा एक, मरवा ते सफा दोन, असं सातवं मरवावर संपतं. लोक सफा ते सफा असं एक धरतात आणि चौदा खेपा मारून पाय सुजवून घेतात. एक खेप साधारण साडेचारशे मीटरची, सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर जातं, तवाफनंतर हे जड जातं, त्यामुळे मध्ये बसायचं तर बसा, व्हीलचेअरसाठी वेगळी लेन आहे. हिरव्या लाईटच्या पट्ट्यात पुरुषांनी जरा पळायचं, बायकांनी नाही. पैगंबर इब्राहिम यांच्या पत्नी हजरत हाजरा तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत इथेच धावल्या होत्या आणि त्या धावण्याची आठवण म्हणूनच ही सई, हे माहीत असलं की खेपा मोजायचा कंटाळा येत नाही. सईला वजू असलेला चांगला पण नसला तरी होते. तवाफ झाल्यावर बाईला पाळी आली तरी ती सई करू शकते.

शेवटचं काम केस. मरवावर काही लोक खिशातली कात्री काढून एकमेकांचे दोन चार केस कापून मोकळे होतात. हनफी मतात किमान चौथाई डोक्याचे केस बोटाच्या पेराएवढे कापले पाहिजेत, शाफई मतात तीन केसांनीही होतं, पण पुरुषांनी सरळ बाहेर न्हाव्याकडे जाऊन पूर्ण मुंडण करावं, मुंडण करणाऱ्यांसाठी पैगंबरांनी तीनदा दुआ केली आणि केस कमी करणाऱ्यांसाठी एकदा. न्हाव्याला नवीन ब्लेड लावायला सांगा, आपल्यासमोर. बायकांनी सगळे केस एकत्र धरून टोकाकडून पेराएवढे कापायचे, ते रूमवर जाऊन करा, हरममध्ये सगळ्यांसमोर डोकं उघडायची गरज नाही. आणि केस कापायच्या आधी कपडे बदलू नका, साबण लावू नका, एहराम अजून उतरलेला नसतो.

केस गेले की उमरा झाला, सगळी बंधनं संपली. मक्केत राहून दुसरा उमरा करायचा असेल तर हरमच्या हद्दीबाहेर जावं लागतं (इथे हरम म्हणजे नुसती मशीद नाही, मक्केभोवतीचा पवित्र परिसर), बहुतेक जण तनईमच्या मस्जिदे आयेशाला जातात, टॅक्सी बस दोन्ही मिळतात, तिथे एहराम बांधून परत यायचं आणि सगळं पहिल्यापासून. आधीच टक्कल झालं असेल तरी शेवटी डोक्यावरून वस्तरा फिरवायचा.