खर्च उचलायची इंग्रजी: कव्हर, डिफ्रे, रिइम्बर्स यातलं कुठं काय लिहायचं

परवा भाचीला सेमिनारसाठी बेंगळुरूला जायचं होतं, मिरजेहून रेल्वे, तर तिनं आयोजकांना मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला व्हॉट्सॲपवर टाकला. पहिलंच वाक्य ‘काइंडली डिफ्रे मी’. म्हटलं अगं थांब, डिफ्रे माणसाला करत नाहीत, खर्चाला करतात.

तर सोप्पी युक्ती. इंग्रजी शब्द शोधायच्या आधी मराठीत ठरवा, पैसे कोण देणार, सगळे का थोडे, आणि आधी का नंतर. एवढं ठरलं की शब्द आपोआप सापडतो.

थोडाच भार कुणी घ्यावा असं म्हणायचं असेल, म्हणजे आपलं हातभार लावणं, तर ‘हेल्प डिफ्रे माय ट्रॅव्हल कॉस्ट्स’. शब्द जुना आहे, फ्रेंचमधून आलेला, आणि कागदोपत्रीच शोभतो, ट्रस्टला, कॉलेजला, स्कॉलरशिपच्या अर्जात. मित्राला डिफ्रे म्हणालात तर तो हसणार.

कव्हर सगळीकडं चालतो. नुसतं कव्हर म्हटलं की खर्च पूर्ण भागतोय असं समोरचा धरून चालतो, म्हणून अर्धाच मिळणार असेल तर ‘कव्हर पार्ट ऑफ’ लिहायचं. यात पैसेच कर्ता होऊ शकतात, ‘टू थाउजंड शुड कव्हर इट’, म्हणजे दोन हजारात भागावं. आणि ‘आय विल कव्हर यू’ म्हणजे आत्ता मी भरतो, तुझं नंतर बघू.

रिइम्बर्सला मात्र लोक हमखास चुकतात. पैसे आधी आपल्या खिशातून गेले पाहिजेत, मग ते परत मिळणं म्हणजे रिइम्बर्स. शब्दातला ‘बर्स’ आणि आपली पर्स मुळात एकच, पैसे परत पर्समध्ये घालणं. तिकिटालाच पैसे नसतील तर रिइम्बर्स मागून काय उपयोग, तिथं ॲडव्हान्स मागा. वाक्य ‘रिइम्बर्स मी फॉर द फेअर’ असं, ‘रिइम्बर्स टू मी’ नाही. आणि एसटीच्या मशीनचं तिकीट खिशात राहून पुसट होतं, महिन्यानं बिल लावायला गेलं की कोरा कागद हातात, तेव्हा उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवा.

इंटरव्ह्यूच्या पत्रात ‘एक्स्पेन्सेस विल बी बॉर्न बाय द कँडिडेट’ दिसलं की खूश होऊ नका, कँडिडेट म्हणजे तुम्हीच, सगळा खर्च तुमच्या गळ्यात. हा बॉर्न शेवटी ई असलेला, बेअरचं रूप. ई विसरलात तर खर्चाचा जन्म होतो.

सबसिडाइझ सरकारी किंवा संस्थेच्या कामाचा. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तिथं राज्य सरकार भाडं सबसिडाइझ करतं. म्हणजे आपल्याला कमी पडतं, फुकट नाही.

आता दोस्तांतलं. सप्टेंबरात कासची फुलं बघायला सांगलीतून चौघं गाडी काढताय, पेठ नाक्याला हायवे धरला, डिझेल आणि तासवड्याचा टोल धरून आपण काँट्री काढतो ना, ते ‘चिप इन’. ‘लेट्स ऑल चिप इन फॉर डिझेल’. असं म्हणतात की तो पत्त्यांच्या जुगारातून आलाय, डावात आपली चिप टाकणं, गणपतीच्या वर्गणीलाही फिट्ट बसतो पण अर्जात नको. हॉटेलात बिल वाटून घ्यायचं तर ‘स्प्लिट’, आणि आपलं टीटीएमएम म्हणजे ‘गो डच’.

‘फूट द बिल’मध्ये मात्र थोडी कुरकुर असते. बिलाच्या पायथ्याशी बेरीज लिहायची त्यावरून तो शब्द, बाकीचे हात धुवायला गेले आणि भुर्दंड एकट्याला, तेव्हा म्हणायचं ‘आय हॅड टू फूट द बिल’. स्वतःहून खाऊ घालायचं असेल तर हे म्हणू नका, उपकार केल्यासारखं वाटतं. साताऱ्यात कंदी पेढे घेताना खिशाकडं हात नेत ‘दीज आर ऑन मी’, बास.

भाचीचा मेल शेवटी असा गेला, ‘कुड यू रिइम्बर्स माय ट्रेन फेअर, ऑर ॲट लीस्ट हेल्प डिफ्रे इट?’ उत्तर आलं, स्लीपरचं भाडं देऊ, तिकीट जोडा. तिनं एसीचं काढलं होतं, वरचा फरक मामानं फूट केला.